पद्म पुरस्कार: तुम्ही पुन्हा पुन्हा विचारता ते सगळे प्रश्न

२५ जानेवारीच्या संध्याकाळी पद्मची यादी येते आणि मग पुढचा आठवडाभर मेसेजवर तेच प्रश्न येत राहतात, "अमक्याला का नाही", "किती पैसे मिळतात", "आमच्या सरांचं नाव कुठे पाठवू". दरवेळी वेगळं टाइप करण्यापेक्षा एकदाच सगळं इथे लिहून ठेवलंय. प्रश्न तुमच्याच भाषेत ठेवलेत, फक्त शिव्या काढल्यात. जिथे दोन प्रश्न एकमेकांत अडकतात तिथे नंबर दिलाय, तिकडे जाऊन बघा.

१. पद्मश्री, पद्मभूषण, पद्मविभूषण यात मोठं कोणतं? दरवेळी गोंधळ होतो.

खालून वर असं: पद्मश्री, मग पद्मभूषण, मग पद्मविभूषण. त्याच्याही वर भारतरत्न, पण ते पद्ममध्ये धरत नाहीत, त्याचं सगळं वेगळं आहे (प्रश्न २). नियमाच्या भाषेत पद्मश्री "विशेष सेवेसाठी", पद्मभूषण "उच्च दर्जाच्या विशेष सेवेसाठी" आणि पद्मविभूषण "असाधारण आणि विशेष सेवेसाठी". आता उच्च दर्जा कुठे संपतो आणि असाधारण कुठे सुरू होतं हे मोजायची पट्टी कुणाकडेच नाही, ते कमिटी ठरवते. हे नागरी सन्मान आहेत, म्हणजे परमवीर चक्र, अशोक चक्र वगैरे शौर्यपदकांशी यांचा संबंध नाही.

२. भारतरत्नसाठी पण फॉर्म भरता येतो का?

नाही. भारतरत्नला कुठल्याही औपचारिक शिफारशीची गरज नसते, पंतप्रधान थेट राष्ट्रपतींना नाव सुचवतात. वर्षाला जास्तीत जास्त तीन असं ठरलेलं आहे, पण २०२४ मध्ये पाच दिले (कर्पूरी ठाकूर, अडवाणी, चरणसिंग, नरसिंह राव, स्वामीनाथन) आणि १९९९ मध्ये चार दिले होते, तेव्हा हा आकडा किती पक्का आहे ते तुम्हीच ठरवा. काही काही वर्षी एकही देत नाहीत. आपल्याकडची नावं बहुतेकांना पाठ असतात, महर्षी कर्वे १९५८, पां. वा. काणे १९६३, विनोबा १९८३, बाबासाहेब १९९०, लतादीदी २००१, भीमसेनजी, सचिन, नानाजी देशमुख २०१९. कर्व्यांना मिळालं तेव्हा त्यांचं शंभरावं वर्ष चालू होतं.

३. हे पुरस्कार कधीपासून आहेत? मधे बंद होते असं ऐकलं, खरं का?

खरं आहे, आणि एकदा नाही दोनदा. २ जानेवारी १९५४ ला सुरू झाले. पहिल्या वर्षी फक्त "पद्मविभूषण" होतं आणि त्यातच पहिला वर्ग, दुसरा वर्ग, तिसरा वर्ग अशी विभागणी होती, आपल्या रेल्वेच्या डब्यांसारखी. पुढच्याच वर्षी, ८ जानेवारी १९५५ ला, आताची तीन नावं आली. मग जुलै १९७७ मध्ये मोरारजी देसाईंच्या सरकारने सगळंच बंद केलं, भारतरत्नसकट. १९८० ला इंदिरा गांधी परत आल्यावर लगेच जानेवारीतच पुन्हा सुरू झालं. दुसऱ्यांदा प्रकरण कोर्टात अडकलं म्हणून १९९३ ते १९९७ पद्म दिलेच नाहीत. ते कोर्टाचं काय होतं ते प्रश्न १८ मध्ये आहे कारण त्याचा तुमच्या लग्नपत्रिकेशी संबंध आहे.

तेव्हा "१९९५ चे पद्मश्री" अशी पाटी कुठे दिसली तर दुसऱ्यांदा वाचा.

४. फक्त कलाकार आणि खेळाडूंनाच मिळतो ना?

फोटो त्यांचेच छापून येतात म्हणून तसं वाटतं. क्षेत्रं बरीच आहेत: कला, समाजकार्य, सार्वजनिक जीवन, विज्ञान आणि इंजिनिअरिंग, व्यापार-उद्योग, वैद्यकीय, साहित्य आणि शिक्षण, नागरी सेवा, क्रीडा, आणि शेवटी "इतर", ज्यात शेती, योग, वन्यजीव असलं सगळं जातं. अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे, गावठी बियाणं जपणाऱ्या, त्यांना २०२० ला पद्मश्री मिळाली ती शेतीसाठी. पिंगुळीचे परशुराम गंगावणे २०२१ ला कलेत, चित्रकथीसाठी, म्हणजे चित्रं दाखवत गोष्ट सांगायची लोककला. मल्लखांबाचे उदय देशपांडे २०२४ ला क्रीडा विभागात, म्हणजे खेळायला ऑलिंपिकमधलाच खेळ लागतो असंही नाही.

क्षेत्र निवडताना बऱ्याच जणांचा घोळ होतो. उदाहरणार्थ मारुती चितमपल्ली, आयुष्य जंगलात गेलं, पण २०२५ ची पद्मश्री साहित्य आणि शिक्षण या खात्यात. आणि बारीपाड्याचे चैत्राम पवार, त्यांनीही जंगलच राखलं, पण ते समाजकार्यात. माणूस कुठे राहतो यापेक्षा त्याच्या कामातून काय तयार झालं ते बघा आणि त्यावरून क्षेत्र ठरवा.

५. पैसे किती मिळतात? रेल्वेचा पास, विमानाचं तिकीट, पेन्शन?

शून्य. राष्ट्रपतींच्या सहीची सनद आणि पदक, बस. शिवाय पदकाची एक छोटी प्रतिकृती देतात, समारंभाला कोटावर किंवा साडीवर लावायला. रोख रक्कम नाही, रेल्वे-विमानात सवलत नाही. हे गृह मंत्रालयाने स्वच्छ लिहून ठेवलंय तरी दर जानेवारीत कुणीतरी "२५ लाख मिळतात" असा मेसेज फिरवतोच. तो आकडा बहुतेक महाराष्ट्र भूषण किंवा खेलरत्नचा असतो, त्या दोन्हीत २५ लाख आहेत, पण महाराष्ट्र भूषण राज्य सरकारचा आणि खेलरत्न क्रीडा मंत्रालयाचा, पद्मशी संबंध नाही. अर्जुन पुरस्काराचे १५ लाख, तोही क्रीडा मंत्रालयाचाच. काही राज्यं आपापल्या खिशातून पद्मवाल्यांना मानधन देतात, तेलंगणाने २०२४ ला असं जाहीर केलं होतं, पण ते त्या त्या राज्याचं.

मला विचाराल तर पद्मश्री मिळालेल्या म्हाताऱ्या लोककलावंताला महिन्याला काहीतरी मिळायला हवं, सनद भिंतीवर लावून घरातला गॅस पेटत नाही. पण आज नियम असा आहे.

६. दरवर्षी किती जणांना देतात?

एका वर्षात १२० च्या वर नाही असा नियम आहे. मग २०२५ च्या यादीत १३९ कसे, हा पुढचा प्रश्न लगेच येतो. कारण मरणोत्तर दिलेले आणि परदेशी नागरिक, एनआरआय (अनिवासी भारतीय), ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) हे त्या १२० मध्ये मोजत नाहीत. २०२५ ला ७ पद्मविभूषण, १९ पद्मभूषण आणि ११३ पद्मश्री होते. जोडीने दिलेला पुरस्कार एकच धरतात (प्रश्न १६).

७. निवड नक्की करतं कोण? मंत्र्यांच्या ओळखीशिवाय होतं का?

दरवर्षी पंतप्रधान एक पद्म पुरस्कार समिती नेमतात. अध्यक्ष कॅबिनेट सेक्रेटरी, सोबत गृहसचिव, राष्ट्रपतींचे सचिव आणि चार ते सहा नामवंत मंडळी. समितीची यादी पंतप्रधान आणि राष्ट्रपतींकडे जाते. छाननीत नाव पुढे गेलं की माणसाची पार्श्वभूमी सरकारी यंत्रणांकडून तपासली जाते.

ओळखीचं म्हणाल तर सरकार कुणाचंही असो, यादीत काही नावं अशी असतातच की बघून माणूस भुवया उंचावतो. निवडणूक जवळ असलेल्या राज्याकडे यादीचा कल जातो असंही दरवर्षी बोललं जातं. पण त्याच यादीत पापळकर बाबाही असतात, वझ्झरला बेवारस दिव्यांग मुलांचे बाप झालेले, त्यांच्यासाठी दिल्लीत कोण लॉबिंग करणार होतं? दोन्ही गोष्टी एकाच यादीत असतात.

८. नॉमिनेशन कोण पाठवू शकतं? मी साधा माणूस आहे.

तुम्हीच पाठवायचं. कुठलाही नागरिक पाठवू शकतो, स्वतःचं नावही स्वतः भरता येतं. राज्य सरकारं, मंत्रालयं, खासदार, मोठ्या संस्था, आधीचे पुरस्कारविजेते हेही पाठवतात. पण सामान्य माणसाचं नॉमिनेशन कमी दर्जाचं असं काही नसतं. जानेवारीत "आमच्या गुरुजींना का नाही" म्हणून फेसबुकवर भांडणाऱ्यांना मी एवढंच विचारतो की फॉर्म भरला होतात का, आणि दहातले नऊ गप्प होतात.

स्वतःचं स्वतः भरायला नियमाची हरकत नाही पण वाचणाऱ्याला ते कळतंच, म्हणून शक्य असेल तर विद्यार्थ्याने, गावातल्या शिक्षकाने, सहकाऱ्याने भरावं.

९. फॉर्म कुठे, कधी, कसा भरायचा?

फक्त ऑनलाइन, राष्ट्रीय पुरस्कार पोर्टलवर, अवॉर्ड्स डॉट गव्ह डॉट इन. पोस्टाने पाठवलेली जाडजूड फाइल, तीवर फोटो, कात्रणं, स्पायरल बाइंडिंग, ते आता चालत नाही. आधी बरीच वर्षं १ मे ते १५ सप्टेंबर अशी मुदत असायची. २०२५ मध्ये ती अलीकडे आली, १५ मार्चला सुरू आणि ३१ जुलै शेवटची तारीख दिली होती. त्यामुळे जुनी तारीख डोक्यात धरून गणपतीनंतर बघू म्हणालात तर गेलं वर्ष. होळीच्या सुमाराला पोर्टल एकदा उघडून त्या वर्षीची तारीख बघून घ्या.

नोंदणी करायची, पुरस्कार निवडायचा, माणसाची माहिती भरायची आणि मग कामाबद्दल जास्तीत जास्त ८०० शब्दांत लिहायचं. हे ८०० शब्दच सगळं काही, त्यावर पुढचा प्रश्न.

१०. ८०० शब्दांत काय लिहू? मी आधीच लिहिलंय, वाचून सांगाल का?

सगळ्यांचं वाचणं शक्य नाही पण जेवढी वाचली त्यात एकच दुखणं दिसतं, सत्काराच्या भाषणासारखं लिहिलेलं असतं. "कलेसाठी आयुष्य वेचणारे, निःस्वार्थी, निगर्वी, ऋषितुल्य व्यक्तिमत्त्व." हे वाक्य कुणालाही लावता येतं म्हणून ते कुणाचंच नाही. समितीसमोर हजारो नावं असतात, त्यात वाचणाऱ्याच्या हाताला काहीतरी लागलं पाहिजे.

समजा तुमच्या गावात कुणी तारपा वाजवणारे, बनवणारे आजोबा आहेत. तर असं लिहा: कोणत्या सालापासून वाजवतात, दुधी भोपळा आणि बांबूपासून वाद्य स्वतः बनवतात का, आतापर्यंत कितीजणांना शिकवलं, त्यातले आज किती वाजवतात, त्यांनी शिकवायला सुरुवात केली तेव्हा आजूबाजूच्या पाड्यांत वाजवणारे किती उरले होते, कुठल्या चाली फक्त त्यांनाच येतात, कुणी रेकॉर्ड केल्यात का. एवढं लिहिलंत तर विशेषणं लागतच नाहीत. खेळाडू असेल तर स्पर्धा, साल, पदक, आणि कोच असेल तर त्याच्या हाताखालून निघालेल्या मुलांची नावं आणि त्यांची पदकं. संशोधक असेल तर शोध काय हे दहावीच्या मुलाला कळेल असं, आणि तो शोध आज कुठे वापरला जातो ते. पेपरांची संख्या शेवटी एका ओळीत.

आणखी दोन गोष्टी. ट्रॉफ्यांची यादी देऊ नका, "जिल्हास्तरीय गुणवंत पुरस्कार २००९" ने कुणाचं मत बदलत नाही, त्यात दीडशे शब्द जातात. आणि "आदिवासी भागात काम" असं मोघम नको, गावाचं नाव, तालुका, किती वर्षं. कोल्हे डॉक्टर दांपत्याचं काम सांगताना "मेळघाट" म्हटलं की अर्धंच कळतं, "बैरागड" म्हटलं की नकाशावर बोट ठेवता येतं.

फॉर्म मराठीत विचार करून लिहा आणि मग हिंदी-इंग्रजी येणाऱ्याकडून नीट करून घ्या. थेट इंग्रजीत लिहायला गेलं की पुन्हा ते भाषण सुरू होतं.

११. एकजण म्हणतोय दिल्लीत ओळख आहे, काही लाखात पद्मश्री करून देतो.

ब्लॉक करा आणि पोलिसांना सांगा. नॉमिनेशनला एक रुपया फी नाही.

याच्याच शेजारचा प्रकार म्हणजे भारत अमुक रत्न, राष्ट्रीय तमुक भूषण अशी नावं असलेले खासगी पुरस्कार. फोन येतो, "आपली निवड झाली आहे", मग नोंदणी शुल्क, मग दिल्लीतल्या हॉटेलच्या हॉलमध्ये शाल-श्रीफळ आणि फोटो. त्याला सरकारी मान्यता काहीही नसते. गावात फ्लेक्स लागतो आणि लोकांना वाटतं पद्मच मिळालं. खरी यादी गृह मंत्रालय जाहीर करतं आणि राजपत्रात छापते, त्यात नाव नसेल तर विषय संपला.

१२. गेल्या वर्षी फॉर्म भरला, काहीच उत्तर आलं नाही. आता?

उत्तर येत नाही आणि का नाही निवडलं हेही कळवत नाहीत. ज्याची निवड होते त्याला जाहीर व्हायच्या आधी दिल्लीहून फोन येतो, तुम्ही स्वीकाराल ना म्हणून विचारायला. फोन नाही आला म्हणजे या वर्षी नाही. पुढच्या वर्षी पुन्हा नव्याने भरा, मधल्या वर्षात जे काम झालं ते घालून. उशीर हा या पुरस्कारांचा जुना रोग आहे, अशोकमामांना पद्मश्री २०२५ ला मिळाली, तोपर्यंत त्यांचे सिनेमे बघत मोठी झालेली पोरं आजोबा व्हायला आली. मुरलीकांत पेटकरांनी १९७२ च्या हायडलबर्ग पॅरालिंपिकमध्ये पोहण्यात सुवर्णपदक मिळवलं आणि पद्मश्री आली २०१८ ला. ४६ वर्षं.

१३. आमचे काका सरकारी नोकरीत आहेत, त्यांचं नाव चालेल?

नोकरीत असताना नाही. सरकारी कर्मचारी आणि सरकारी कंपन्यांत काम करणारे पात्र नाहीत, अपवाद फक्त डॉक्टर आणि शास्त्रज्ञ. म्हणून जे. जे. रुग्णालयात असताना डॉ. तात्याराव लहानेंना २००८ ला पद्मश्री मिळू शकली आणि शास्त्रज्ञ माशेलकरांना १९९१ ला, राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत (एनसीएल) असताना. रिटायर झाल्यावर मात्र कुणालाही हरकत नाही, तेव्हा काका क्लार्क असून उत्तम कीर्तन करत असतील तर रिटायरमेंटपर्यंत थांबा.

१४. आधी पद्मश्री मग पद्मभूषण असं पायरी पायरीनेच मिळतं का?

नाही. जयंत नारळीकरांना १९६५ ला थेट पद्मभूषण मिळालं, तेव्हा वय २६. पद्मश्री त्यांना कधी मिळालीच नाही, पुढे २००४ ला पद्मविभूषण. सचिनला १९९९ ला पद्मश्री, २००८ ला एकदम पद्मविभूषण, मधलं पद्मभूषण गाळलं. लतादीदींचंही १९६९ ला पद्मभूषणपासूनच सुरू झालं. उलट भीमसेनजींनी एकही पायरी सोडली नाही: १९७२ पद्मश्री, १९८५ पद्मभूषण, १९९९ पद्मविभूषण आणि मग भारतरत्न. चारही मिळालेले लोक मोजकेच आहेत, बिस्मिल्ला खाँ, सत्यजित राय, भूपेन हजारिका अशी त्यांची संगत.

वयाची अट खालूनही नाही आणि वरूनही नाही. गोव्याच्या लिबिया लोबो सरदेसाई, पोर्तुगीजांविरुद्ध जंगलातून गुप्त रेडिओ चालवणाऱ्या, त्यांना २०२५ ला पद्मश्री मिळाली तेव्हा त्या शंभरीच्या होत्या.

दोन पुरस्कारांत निदान पाच वर्षांचं अंतर हवं असा मात्र नियम आहे. तोही समितीला वाटलं तर मोडता येतो. अणुशास्त्रज्ञ अनिल काकोडकरांना १९९८ ला पद्मश्री आणि १९९९ ला लगेच पद्मभूषण. मधे काय झालं होतं ते आठवा, मे १९९८, पोखरणच्या अणुचाचण्या.

१५. खाशाबा जाधवांना अजून पद्म का नाही? सरकारला लाज वाटत नाही का?

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न, आणि विचारणाऱ्याचा राग मला समजतो. कराडजवळच्या गोळेश्वरचा पैलवान, १९५२ ला हेलसिंकीत ब्राँझ, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. जायला पैसे नव्हते, गावाने आणि कॉलेजच्या प्राचार्यांनी उभे केले, पुढे पोलिसात नोकरी केली, १९८४ ला अपघातात गेले. तोपर्यंत पद्म नाही. अर्जुनसुद्धा मरणोत्तर मिळाला.

आता नियमाची अडचण. पद्म पुरस्कार साधारणपणे मरणोत्तर देत नाहीत. अगदीच योग्य व्यक्ती असेल तर देता येतो, पण मृत्यू अलीकडचा असावा, म्हणजे ज्या प्रजासत्ताक दिनाला जाहीर करायचा त्याआधीच्या वर्षभरातला, असं मार्गदर्शक तत्त्वांत आहे. मनोहर जोशी २३ फेब्रुवारी २०२४ ला गेले आणि २०२५ च्या यादीत त्यांना मरणोत्तर पद्मभूषण मिळालं, ते या चौकटीत बसतं. मारिओ मिरांडा डिसेंबर २०११ मध्ये गेले, जानेवारी २०१२ ला पद्मविभूषण, तेही बसतं. खाशाबांना जाऊन चार दशकं झाली, ते बसत नाहीत.

पण म्हणून हात बांधलेत असं कुणी सांगितलं तर मान डोलावू नका. पाच वर्षांचा नियम जसा वाकवला (प्रश्न १४) तसा हाही वाकवता येईल, इच्छा असेल तर. आणि भारतरत्नला असली मुदत नाहीच, बाबासाहेबांना निधनानंतर ३४ वर्षांनी दिलं. माझं मत विचाराल तर चूक १९५४ ते १९८४ या काळातली आहे, माणूस जिवंत होता, पदक घरात होतं आणि मधली बंदची वर्षं सोडली तर दरवर्षी यादी निघत होती.

१६. नवरा-बायको दोघांचं काम एकत्र आहे, एकच फॉर्म चालतो?

जोडीने पुरस्कार देतात, आपल्याकडे अभय आणि राणी बंग यांना २०१८ ला तसा मिळाला आणि रवींद्र व स्मिता कोल्हेंना २०१९ ला. मोजताना एक धरतात. फॉर्ममध्ये मात्र दोघांपैकी कुणी काय केलं ते वेगवेगळं आणि स्पष्ट लिहा, बायकोचं काम "मोलाची साथ" या दोन शब्दांत गुंडाळायची सवय मराठी माणसाला फार आहे.

१७. माझी बहीण अमेरिकेत आहे, सिटिझनशिप तिकडची. तिला मिळू शकतो?

हो. वंश, व्यवसाय, पद, लिंग, कशाचाही भेद नाही आणि भारतीय नागरिकत्वाचीही अट नाही. जपानचे शिंझो आबे यांना २०२१ ला पद्मविभूषण दिलं होतं. अशी नावं १२० च्या मर्यादेबाहेर असतात, प्रश्न ६ बघा.

१८. आजोबांना पद्मश्री आहे, लग्नपत्रिकेत नावाआधी "पद्मश्री" छापू का?

नका छापू. पत्रिका छापून झाली असेल तरी हे वाचा.

घटनेच्या कलम १८ प्रमाणे लष्करी आणि शैक्षणिक पदव्या सोडल्या तर सरकार कुणालाही किताब देऊ शकत नाही, रावबहादूर-सर वगैरे ब्रिटिशांबरोबर गेलं. मग पद्म म्हणजे मागच्या दाराने आणलेले किताबच नाहीत का, असं म्हणून लोक कोर्टात गेले. बालाजी राघवन खटल्यात सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायाधीशांनी १५ डिसेंबर १९९५ ला निकाल दिला की हे किताब नाहीत, चालू ठेवायला हरकत नाही, पण नावाच्या आधी किंवा नंतर लावायचे नाहीत. लावले तर पुरस्कार काढून घेता येतो. लेटरहेड, निमंत्रणपत्रिका, पोस्टर, पुस्तक, सगळीकडे हेच लागू. तेलुगू सिनेमाच्या श्रेयनामावलीत नावाआधी पद्मश्री लावलं म्हणून दोन नामांकित नटांचं प्रकरण हायकोर्टापर्यंत गेलं होतं.

मग काय करता येतं? माहिती म्हणून सांगता येतं. "श्री. अमुक तमुक, यांना २०११ मध्ये पद्मश्रीने सन्मानित करण्यात आलं" असं परिचयात लिहिणं वेगळं आणि "पद्मश्री अमुक तमुक" असं नाव करून टाकणं वेगळं. आपल्याकडे पेपरवाले, सूत्रसंचालक, नगरसेवकांचे फ्लेक्स सगळेच सर्रास दुसरं करतात. पण पुरस्कार जातो तो पुरस्कार असलेल्याचा, फ्लेक्स लावणाऱ्याचं काही जात नाही. तेव्हा घरच्यांनी तरी सांभाळा.

१९. पुरस्कार नाकारता येतो का? आणि घेतलेला परत करता येतो का?

नाकारणं सोपं, फोनवरच नाही म्हणायचं. बऱ्याच जणांनी नाकारलेत, कुणी फोनवर, कुणी जाहीर झाल्यावर: सतारवादक उस्ताद विलायत खाँनी तिन्ही पायऱ्यांवर नाही म्हटलं, रोमिला थापर यांनी दोनदा, २०२२ ला बुद्धदेव भट्टाचार्यांनी पद्मभूषण आणि गायिका संध्या मुखर्जींनी पद्मश्री. संध्याबाई तेव्हा नव्वदीच्या होत्या आणि त्या वयात पद्मश्री देऊ करणं त्यांच्या घरच्यांना अपमान वाटला. मला त्यांचं पटतं. उशिरा देताय तर निदान वरचं तरी द्या.

परत करणं जरा अवघड. खुशवंतसिंगांनी १९८४ ला पद्मभूषण परत केलं (आणि २००७ ला पद्मविभूषण घेतलं), प्रकाशसिंग बादलांनी २०२० ला पद्मविभूषण. निषेध म्हणून त्याचं वजन असतं, पण परत करण्याची सोय नियमांत नाही. यादीतून नाव काढायचा अधिकार राष्ट्रपतींचा, त्यांनी पुरस्कार रद्द केला तरच नाव जातं.

२०. सचिनसाठी भारतरत्नचा नियम बदलला हे खरं का?

नियम बदलला हे खरं. आधी कला, साहित्य, विज्ञान आणि सार्वजनिक सेवा एवढंच होतं, डिसेंबर २०११ मध्ये "मानवी प्रयत्नांचं कुठलंही क्षेत्र" असं केलं आणि खेळ त्यात आला. नोव्हेंबर २०१३ ला सचिन वानखेडेवर शेवटची टेस्ट खेळून बाहेर पडला त्याच दिवशी जाहीर झालं, सोबत शास्त्रज्ञ सी. एन. आर. राव. ध्यानचंद आधी हवे होते हा वाद तेव्हापासून चालू आहे, त्यांच्याकडे १९५६ चं पद्मभूषण आहे. त्या वादात मी ध्यानचंदवाल्यांच्या बाजूने, क्रिकेटप्रेमींनी माफ करावं.

२१. सोहळा २६ जानेवारीलाच असतो ना? सूट घालावा लागतो का?

२६ ला नाही. नावं आदल्या दिवशी जाहीर होतात, सोहळा पुढे राष्ट्रपती भवनात, साधारण मार्च-एप्रिलमध्ये, कधी दोन-तीन भागांत. कोरोनामुळे २०२० आणि २०२१ चे दोन्ही नोव्हेंबर २०२१ मध्ये उरकले, म्हणून राहीबाई आणि सिंधुताई सपकाळ यांचे फोटो एकाच आठवड्यातले दिसतात, जरी पुरस्काराचं साल वेगळं असलं तरी. सिंधुताई त्यानंतर दोनच महिन्यांत गेल्या. सूट-बूट सोडा, कर्नाटकातल्या तुळसी गौडा त्याच सोहळ्यात अनवाणी गेल्या होत्या.

२२. एकाच नावाची दोन माणसं असतील तर?

हसू नका, झालंय. ओडिशात २०२३ च्या पद्मश्रीवर एकाच नावाच्या दोघांनी दावा केला, एक पत्रकार आणि एक डॉक्टर. पदक पत्रकाराने दिल्लीला जाऊन घेतलं, डॉक्टर म्हणाले पुस्तकं माझी आहेत, आणि प्रकरण ओडिशा हायकोर्टात पोचलं. फेब्रुवारी २०२५ मध्ये कोर्टाने दोघांनाही आपापली पुस्तकं आणि कागदपत्रं घेऊन हजर राहायला सांगितलं. तेव्हा फॉर्म भरताना वडिलांच्या नावासकट पूर्ण नाव, जन्मतारीख, गाव, तालुका, चालू मोबाईल नंबर हे सगळं आधार कार्डावर आहे तसंच टाका. विशेषतः आडनाव पाटील, पवार, जाधव किंवा शिंदे असेल तर.